थंडाव्याचा जमाखर्च

चैत्र सरत आला की नागपूरच्या इतवारी-गांधीबाग भागातील दुकानांवर दुपारी एकच्या सुमारास सामसूम पसरते. कूलरचा घुमारा तेवढा ऐकू येतो आणि ओल्या ताट्यांचा वास दरवळतो. नेमक्या याच दिवसांत घरोघरी यात्रेचे बेत ठरतात. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, लग्नसराईच्या मधले चार दिवस मोकळे सापडतात, कोणाच्या नात्यात अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाचे पारणे असते. मग पंधरा-सतरा जण बसतील अशी मोठी वातानुकूलित गाडी ठरविली जाते. रामटेक, भद्रावती, मुक्तागिरी किंवा शिरपूर यांपैकी एखादे स्थान निश्चित होते आणि निघण्याच्या पहाटे गाडीच्या तोंडावर, दोन्ही दिव्यांच्या मधोमध, संघाच्या नावाचा कापडी फलक मोठ्या हौसेने बांधला जातो.

एक नेहमीचे उदाहरण घ्यावे. गाडी भद्रावतीला निघाली आहे. वर्धा मार्गाने बुटीबोरी मागे पडेपर्यंत आत छान गारवा असतो. कोणी शाल मागते, कोणी झडपेची दिशा बदलते. जामच्या चौरस्त्यावरून गाडी चंद्रपूरच्या दिशेला वळते तरीही सारे ठीक असते. पुढे वरोऱ्याच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग लागते आणि गाडी उभी राहते. दहाच मिनिटांत झडपांतून येणारा वारा कोमट होतो. चालक बटण शेवटच्या घरापर्यंत फिरवतो. आवाज वाढतो, गारवा वाढत नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधली खूण ओलांडून वर सरकू लागतो. अखेर एसी बंद करून काचा उघडाव्या लागतात आणि बाहेरची लू आत शिरते. मागच्या आसनावरील आजी पदराने वारा घेऊ लागतात, लहान मूल किरकिरते. "भाऊ, गॅस कमी झाला असेल, परत गेल्यावर भरून घेऊ," असे चालक सांगतो. गॅस भरला जातो, पैसे दिले जातात आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच रांग, तोच कोमट वारा.

नागपूरच्या कितीतरी घरांनी हा प्रसंग थोड्याफार फरकाने अनुभविला असेल. त्यात दोष कोठे आहे, हे ओळखण्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही. जमा आणि खर्च वेगळे करून पाहण्याची सवय असली तरी पुरे, आणि ती सवय व्यापारी घरांत लहानपणीच लागते.

उष्णतेची निर्यात

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की एसी थंडावा उत्पन्न करीत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. डॅशबोर्डच्या मागे एक लहान जाळी असते. तिच्यात वायू अतिशय थंड होऊन फिरतो आणि आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून गरम करतो आणि गाडीच्या तोंडाशी असलेल्या दुसऱ्या जाळीकडे पाठवितो. या दुसऱ्या जाळीला कंडेन्सर म्हणतात. तेथे बाहेरची हवा लागून वायूची उष्णता निघून जाते, त्याचा द्रव होतो आणि तो पुन्हा आत जाण्यास सिद्ध होतो. थोडक्यात, आत जो गारवा लाभतो तो बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर अवलंबून असतो. माल गोदामात तुंबला तर नवी खरेदी थांबते, तसेच उष्णता कंडेन्सरमध्ये तुंबली की आतला गारवा थांबतो.

आता नागपूरचा उन्हाळा यात धरून पाहावा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. ४५ अंशांचे दिवस तर येथे नवलाचे नाहीत. बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल तर तिच्यात उष्णता टाकण्यासाठी कंडेन्सरमधील वायू तिच्याहून बराच अधिक गरम असावा लागतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. तो ६० अंशांना द्रवरूप व्हायचा तर त्याचा दाब सुमारे १७ बार, म्हणजे वातावरणाच्या सतरापट लागतो. वारा पुरेसा मिळाला नाही आणि हेच तापमान ८० अंशांपर्यंत चढले तर दाब २६ बारच्या पुढे जातो. कॉम्प्रेसर धापा टाकू लागतो, इंजिनावरचा भार वाढतो आणि एका मर्यादेनंतर सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. झडपेतून मग साधी हवा येत राहते.

याच ठिकाणी दुसरा देणेकरी उभा असतो, तो म्हणजे इंजिन. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेला भाग कूलंटच्या, म्हणजे इंजिनाला थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या वाटे रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. बहुतेक गाड्यांत पुढे कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर आणि त्यामागे पंखा अशी रचना असते. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच कंडेन्सरने तापविलेली असते. दोन खाती, पण वाऱ्याची तिजोरी एकच. म्हणूनच एसीचा गारवा कमी होणे आणि इंजिनाचा काटा वर चढणे या दोन तक्रारी बहुधा जोडीने येतात. गाडी ताशी ऐंशी किलोमीटरने धावत असताना समोरून येणारा वारा हे दोन्ही हिशेब चुकते करतो. गाडी उभी राहिली की सारी जबाबदारी एकट्या पंख्यावर येते.

निदानाची किल्ली येथेच आहे. महामार्गावर गार आणि गर्दीत कोमट, असे होत असेल तर संशयाचे पहिले बोट वाऱ्याकडे, म्हणजे पंखा, जाळी आणि त्यांच्यासमोरचा अडथळा यांच्याकडे गेले पाहिजे. धावताना आणि थांबल्यावर सारखेच कोमट असेल तर वायूची गळती, कॉम्प्रेसर किंवा आतली गरम-थंड हवेची झडप यांचा विचार करावा. तासभर उत्तम गारवा मिळून मग हवेचा झोतच क्षीण होत असेल तर आतल्या जाळीवर बर्फ धरला आहे, असे समजावे.

हुकूम देणारा कोण?

पंखा दोन प्रकारचा असतो. लहान मोटारींत आणि बऱ्याच नव्या गाड्यांत तो विजेवर चालतो. कूलंट ठराविक अंशांपर्यंत तापले किंवा एसीच्या नळीतील दाब वाढला की तशी खबर देणारा सेन्सर संदेश पाठवितो, रिले जोडला जातो आणि पंखा सुरू होतो. अनेक गाड्यांत त्याच्या दोन गती असतात. मंद गतीचा प्रवाह एका रोधकातून जातो. तो रोधक जळाला की मंद गती नाहीशी होते आणि काटा बराच वर गेल्यावर पंखा एकदम वेगाने सुटतो. तोपर्यंत आतल्या माणसांना घाम फुटलेला असतो.

मोठ्या डिझेल गाड्यांत पंखा पुष्कळदा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, पण तो इंजिनाला थेट घट्ट बांधलेला नसतो. मध्ये सिलिकॉन तेलाचा एक क्लच असतो. त्याच्या तोंडाशी दोन धातूंची एक लहान गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती गुंडाळी वळते, आतले छिद्र उघडते, घट्ट तेल पुढच्या कप्प्यात उतरते आणि पंखा जोर धरतो. हवा निवली की पकड सैल होते आणि डिझेल वाचते. कालांतराने हे तेल झिरपून जाते. पंखा फिरताना दिसतो, त्यात जोर मात्र नसतो. बोनेट उघडून "पंखा तर चालू आहे" असे म्हणणाऱ्याची फसगत होते ती येथे.

सेन्सरवर विसंबून चालणाऱ्या यंत्राचे एक दुर्बळ अंग असते. सेन्सर चुकला की यंत्र प्रामाणिकपणे चुकीचे काम करते. नागपूरकरांना याचा मोठा दाखला ३० मे २०२४ रोजी मिळाला. त्या दिवशी हवामान विभागाच्या येथील एका स्वयंचलित केंद्राने तापमान तब्बल ५६ अंश दाखविले. देशभर त्याची चर्चा झाली. पुढे तपासणीत तो सेन्सरचा दोष असल्याचे विभागाने स्पष्ट केले. शहरातील अन्य केंद्रांवरील आकडे शेजारी ठेवून पाहिल्यामुळेच ती चूक उघड झाली. गाडीच्या बाबतीतही एकाच काट्यावर निर्णय सोडू नये. काटा, पंख्याचा आवाज आणि झडपेतील गारवा या तिघांची साक्ष एकमेकींशी जुळते का, हे पाहावे.

एसीच्या नियंत्रणाचा प्रश्न तसा गाडीतल्या एसीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या सुमारास आपल्या मोटारींत एसी देऊ केला, तेव्हा तो बंद करायचा तर इंजिन थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टाच काढावा लागे. आज ते काम एक बटण करते. मात्र त्या बटणामागे रिले, सेन्सर, स्विच यांची एक साखळी आहे आणि साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच बळकट असते.

चालते घर आणि दुहेरी एसी

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून स्वयंपाकाचा ओटा आणि झोपण्याची सोय असलेल्या चालत्या घरांविषयी उत्सुकता वाढली आहे. सूर्यास्तापूर्वी घरच्यासारखे शुद्ध भोजन हवे असणाऱ्या कुटुंबांना ही कल्पना विशेष आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. अशी गाडी भाड्याने घेताना वा बांधून घेताना एक गोष्ट समजून घ्यावी. तिच्यात बहुधा दोन स्वतंत्र एसी असतात. डॅशबोर्डचा एसी इंजिनावर चालतो. तो मुळात चालक आणि पुढची आसने यांच्यापुरता असतो. घराच्या भागाचा एसी बाहेरून जोडलेल्या विजेवर किंवा जनरेटरवर चालतो. प्रवासात दुसरा बंद असेल आणि पहिल्याने सारे घर गार करावे अशी अपेक्षा असेल, तर ती चार माणसांच्या स्वयंपाकात चाळीस पाने वाढण्यासारखी आहे. पुढच्या आसनांमागे एक जाड पडदा लावला तरी मोठा फरक पडतो.

काही ठिकाणी जादा विजेचा पंखा बसवून त्याचे बटण चालकाच्या हाती दिले जाते. उपाय टाकाऊ नाही, परंतु त्याला दोन अटी आहेत. अल्टरनेटर आणि तारा तेवढा भार पेलणाऱ्या हव्यात, आणि बटण लावण्याची आठवण ठेवणारा माणूस हवा. मूळ पंख्याचा दोष काढल्यावाचून दुसरा पंखा बसविणे म्हणजे जुने कर्ज तसेच ठेवून नवे घेणे होय.

हा विषय केवळ सहलीचाही राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू गाड्यांमध्ये चालकाच्या केबिनला एसी असणे केंद्र शासनाच्या नियमाने बंधनकारक झाले आहे. कळमन्याच्या बाजारातून धान्य नेणारा किंवा वाडीच्या नाक्यावरून सुटणारा नवा ट्रक यापुढे एसीसहच येणार. तो एसी मे महिन्यात खरोखर चालतो की नाही, याकडे मालकाने लक्ष देणे हे चालकाच्या जिवाचे आणि मालाच्या सुरक्षिततेचे काम आहे. उकाड्याने शिणलेला चालक अपघाताला जवळचा असतो.

निघण्यापूर्वीची तपासणी

गाडी घरची असो वा भाड्याची, प्रवासाच्या दोन दिवस आधी अर्धा तास काढावा. पुढील तपासण्यांना फारसा खर्च नाही.

पहिली तपासणी समोरच्या जाळीची. विदर्भात धूळ, कापसाचे तंतू आणि किडे कंडेन्सरच्या बारीक पात्यांत अडकून त्याची गोधडी होते. कूलरच्या ताट्या बुजल्या की वारा येत नाही, तसेच हे. इंजिन थंड असताना मंद धारेच्या पाण्याने जाळी धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. वाटेत जीव कमीत कमी दुखावला जावा असे वाटणाऱ्याने धुण्यापूर्वी मऊ कुंच्याने जाळी हलकेच झाडून घ्यावी.

दुसरी तपासणी वाऱ्याची. एसी सुरू करून गाडी उभी ठेवावी आणि समोरच्या जाळीपुढे वर्तमानपत्राचा कागद धरावा. कागद जाळीकडे ओढला गेला तर वारा योग्य दिशेने आणि बऱ्या जोराने जात आहे. कागद बाहेर ढकलला गेला तर दुरुस्तीत विजेच्या तारा उलट जोडल्या गेल्या असण्याचा संभव आहे. कागद स्वस्थ राहिला तर पंखा फिरत नाही किंवा त्यात जोर नाही. विजेचा पंखा फिरत नसेल तर मिस्त्रीकडून आधी फ्यूज आणि रिले पाहून घ्यावेत, मग मोटारीला थेट बॅटरीचा प्रवाह देऊन पाहावा. तेव्हा मोटार फिरली तर दोष पंख्यात नसून हुकूम देणाऱ्या साखळीत आहे, आणि नवा पंखा घेण्याचा खर्च वाचतो.

तिसरी तपासणी तेलाच्या क्लचची, तीही जाणत्या मिस्त्रीकडून. इंजिन चांगले तापल्यावर बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरविला असता तो अडखळत फिरला पाहिजे. भिंगरीसारखा गरगर फिरला किंवा क्लचच्या मध्याशी तेलाचे ओघळ दिसले तर क्लच बदलण्याची वेळ आली आहे. विजेचा पंखा मात्र इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्याच्याजवळ हात, ओढणी वा पदर नेऊ नये.

चौथी गोष्ट कडेच्या आवरणाची. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे आणि जाळ्यांच्या कडांना असलेल्या रबराच्या वा फोमच्या पट्ट्या वारा इकडेतिकडे निसटू देत नाहीत. समोरचा बंपर एकदा दुरुस्त झाला की या पट्ट्या पुष्कळदा परत लागत नाहीत. मग पंखा तीच तापलेली हवा पुन्हापुन्हा ओढत राहतो.

पाचवी गोष्ट कूलंटची. नेहमी बोअरवेलचे जड पाणी ओतले तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. कूलरच्या ताट्यांवर साचणारा पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगणे नको. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट ठराविक प्रमाणातच वापरावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांहून अधिक तापलेले असते आणि झाकण उघडताच वाफेसह अंगावर येते.

आता गॅसविषयी. एसीतील वायू डिझेलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो लक्षणीय कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. त्याचे प्रमाण ग्रॅममध्ये ठरलेले असते आणि बोनेटखालच्या चिठ्ठीवर बहुधा लिहिलेले असते. अंदाजाने जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो. पंख्याच्या दोषावर गॅसचे औषध दिले की रोग वाढतो तो असा. गॅस भरून घेताना जुना वायू किती निघाला आणि नवा किती भरला, हे तोलून लिहून देण्याची विनंती करावी. पावतीवाचून रक्कम न देणाऱ्या घरांना हे अवघड वाटू नये.

रस्त्यात काटा चढू लागला तर प्रथम एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा सुरू करावा आणि काचा उघडाव्यात. काही मिनिटे त्रास होतो, परंतु हीटर हा दुसऱ्या लहान रेडिएटरसारखे काम करतो. पट्ट्यावरचा पंखा असेल तर गिअर मोकळा ठेवून इंजिन किंचित वेगाने चालविल्यास वारा वाढतो. तरीही काटा खाली येत नसेल किंवा वाफ दिसली तर गाडी सावलीत घेऊन इंजिन बंद करावे आणि सर्वांना खाली उतरवावे. उन्हात उभ्या बंद गाडीत मूल किंवा वृद्ध यांना क्षणभरही ठेवू नये, आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नये. धुरातील विषारी वायूला वास नसतो.

या साऱ्या खटाटोपाची निकड कोणाला असते? तरुणांना कोमट वारा ही गैरसोय आहे. पण परतीच्या वाटेवर सूर्य मावळला की चौविहार पाळणाऱ्या आजी पाण्याचा थेंबही घेत नाहीत. दिवसभर उन्हात शिणलेल्या, ऐंशीच्या घरातल्या त्या देहाला गाडीतील गारवा हाच आधार असतो. त्यांचा नियम घरातल्या सर्वांना ठाऊक असतो, आणि त्या स्वतः कधी तक्रार करीत नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने तपासणी करणे हे घरातल्या कर्त्याचे काम ठरते. परतीची वेळही अशी ठरवावी की सूर्यास्तापूर्वी त्यांना शांतपणे बसून पाणी घेता येईल.

आणि वरोऱ्याच्या रांगेतील त्या गाडीचे काय? तिचा गॅस दोनदा भरला गेला. पण बोनेटसमोरची जाळी कोणी पाहिली नाही, कारण ती जाळी संघाच्या फलकाखाली झाकलेली होती. धावताना काठांतून शिरणारा वारा कसाबसा पुरत होता. थांबल्यावर पंखा कापडाशी झुंजत होता. दोन गाठी सोडून तो फलक गाडीच्या मागच्या काचेखाली बांधला असता तर निम्मे दुखणे तेथेच थांबले असते. संघाचे नाव तेथूनही वाचता येते.